मोठ्या देवळातली सुपारी

"शालन, आत पाऊल टाकायचं नाही. मी सांगतोय म्हणजे सांगतोय."

माझे थोरले भाऊ अण्णा हे बोलले तेव्हा ते प्लॅस्टिकच्या एवढ्याशा निळ्या स्टुलावर बसले होते. बालवाडीत असतात ना, तसलं स्टूल. गुडघे हनुवटीला टेकलेले, हातात लिंबाच्या थंड चहाचा ग्लास, डोक्यावर सांगलीहून आणलेली पांढरी टोपी, आणि रुबाब मात्र मार्केट यार्डातल्या गादीवर बसल्याचा. मला हसू येत होतं आणि रागही येत होता. हसू मी गिळलं, राग तेवढा ठेवून दिला.

समोर हनोईचं मोठं चर्च होतं. तिथले लोक त्याला नुसतं 'मोठं देऊळ' म्हणतात, असं मकरंदनं सांगितलं होतं. फ्रेंचांच्या काळातलं, सव्वाशे वर्षांचं. दोन चौकोनी बुरूज, आणि पावसापाण्यानं काळ्या पडलेल्या भिंती. पुढच्या चौकात मेरीमातेची मूर्ती, कडेवर लेकरू. रविवारची दुपार कलली होती आणि चौकाच्या कडेनं तरणी पोरं-पोरी अशाच स्टुलांवर बसून सूर्यफुलाच्या बिया दातांनी फोडत होती. टरफलं सगळी खाली. अण्णा त्या टरफलांकडे असं बघत होते, की जणू ती आमच्याच ओसरीवर पडलीत.

"आत पाऊल टाकायचं नाही, मग आलोय कशाला आपण इथवर?" मी विचारलं.

"बघायला. बघितलं. उद्या सकाळचं विमान आहे."

"आणि मकरंद?"

"त्याचंही तिकीट काढलंय," अण्णा म्हणाले आणि चहाचा घोट घेऊन तोंड वाकडं केलं.

माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. सांगलीहून निघाल्यापासून हा माणूस गप्प का होता, ते आता कळलं.

मकरंद अण्णांचा धाकटा, माझा भाचा. आमच्या मसाल्याच्या दुकानासाठी दालचिनी आणि चक्रीफूल बघायला म्हणून तिकडे गेला आणि तिथंच एका निर्यात कंपनीत रमला. त्याच ऑफिसात थाओ. पोरीनं ह्याला तिथली भाषा शिकवली, ह्यानं तिला आपली थोडी शिकवली, आणि पुढचं काय ते सांगायला नको. थाओ कॅथलिक. तिच्या घरात सगळा शब्द आजीचा. आजीनं बजावलं होतं: मुलाकडचं मोठं माणूस पान-सुपारी घेऊन मागायला येईल तरच मुलगी देईन. पोरगं एकटं मागायला येतं ते एकटंच पळूनही जातं. आणि पाहुणे घरी येण्याआधी मोठ्या देवळात येतील, मेरीमातेपुढे आपलं नाव सांगतील, मग आमच्याशी बोलतील. अशी त्या घरची रीत.

मकरंदनं हे सगळं फोनवर अण्णांना सांगितलं होतं. अण्णा म्हणाले होते, "येतो." पोरानं त्या एका शब्दावर इमले बांधले. मकरंदच्या आईला, शैलावहिनींना, गुडघेदुखीनं प्रवास झेपणार नव्हता, म्हणून बरोबर मला घेतलं. मी आपली खुळी, नवी साडी घेऊन आले.

"तिकडं इचलकरंजीच्या मगदुमांना मी शब्द दिलाय," अण्णा म्हणाले. "सुताचा मोठा व्यापार आहे त्यांचा. पोरगी बी.कॉम. आहे. दिवाळीनंतर बार उडवायचा."

"मकरंदला विचारलंत?"

"त्याला काय विचारायचं? त्याचं वय आहे का समजण्याचं?"

"एकतिसावं लागलंय त्याला, अण्णा."

"तू मध्ये बोलू नकोस."

तेवढ्यात मकरंद चौक ओलांडून आला. इस्त्रीचा पांढरा शर्ट, केस चापून बसवलेले, आणि दोन्ही हातांत लाल रंगाचा गोल लाकडी डबा. डब्यात विड्याची हिरवीगार पानं रचलेली आणि त्यावर ओल्या सुपारीचा आख्खा घड, देठासकट. काय ताजी सुपारी होती म्हणून सांगू! आमच्याकडे मिळते ती सगळी वाळकी. मला जन्माचं सुपारीचं व्यसन, चंचीत अडकित्ता नाही असा माझा दिवस नाही. त्या घडाकडे बघून माझ्या तोंडाला पाणी सुटलं.

"अण्णा, चला. आजी आत येऊन बसल्यात," मकरंद म्हणाला. चेहरा नुसता फुललेला.

"तो डबा जिथून आणलास तिथं देऊन ये," अण्णा म्हणाले. "आणि जाऊन बॅग भर."

पोराचा चेहरा असा उतरला, की मला बघवेना. त्यानं माझ्याकडे बघितलं, मग अण्णांकडे, मग डब्याकडे. तोंड उघडलं आणि मिटलं. आता हा काहीतरी बोलेल म्हणून मी वाट बघितली. कसलं बोलतोय! लहानपणापासून अण्णांपुढे हा मेणाचा. बाहेर विमानानं जग फिरेल, पण बापानं डोळे वटारले की शाळेतला मकरंद होतो.

"बोल की रे!" मी म्हटलं.

"अण्णा... त्या लोकांना मी सांगितलंय..."

"मग आता जाऊन सांग, जमत नाही म्हणावं. चार दिवस रडतील आणि विसरतील. असलं सगळं विसरतात माणसं."

असलं सगळं विसरतात माणसं. हे वाक्य ऐकलं आणि माझी कानशिलं तापली. मी उठले. त्या स्टुलावरून उठणं सोपं नव्हतं, एक हात जमिनीला टेकून, कमरेला हात लावून, आई गं करत उठले. मकरंदपुढे जाऊन उभी राहिले.

"माझ्याकडे बघ. अण्णांकडे बघू नकोस. तुला ती पोरगी हवी आहे का?"

"हवी आहे, आत्या."

"नक्की? पुढं भांडणं होतील, भाषा वेगळी, देव वेगळा, जेवण वेगळं. तरी?"

"तरी."

"आण तो डबा इकडं."

अण्णांचा ग्लास हातातच राहिला. "शालन! डोकं ठिकाणावर आहे का? तू मागणी घालायला जाणार? तू? कपाळ बघितलंस का आरशात? पांढऱ्या कपाळाच्या बाईनं शुभकार्याला सुपारी न्यायची? शोभतं का हे?"

"शोभत नसलं तर डोळे मिटून घ्या."

आजूबाजूची पोरं बिया फोडायची थांबली. भाषा कळली नाही तरी भांडण सगळ्यांना कळतं.

अण्णा उभे राहिले. आवाज खाली आणला. अण्णा ओरडतात तेव्हा घाबरायचं कारण नसतं, आवाज खाली आणतात तेव्हा असतं. "आत गेलीस तर माडीवरची खोली रिकामी करायची. घरी गेल्या गेल्या. माझ्या घरात माझ्या शब्दावर पाय देणारं माणूस मला नको."

खोटं कशाला सांगू, ती खोली डोळ्यांपुढं उभी राहिली. एकविसाव्या वर्षी नवरा गेला आणि त्या माडीवर आले, ती तिथंच अठ्ठावन्न वर्षांची झाले. दुकानाचे मसाले कुटले, निवडले, पुड्या बांधल्या, त्या बदल्यात ती खोली आणि दोन वेळचं जेवण. अण्णांनी मला कधी उपाशी ठेवलं नाही, हे मी कुणापुढंही सांगेन. पण माझ्या नावावर ह्या जगात काय होतं? एक पत्र्याची ट्रंक. ह्या वयात कुठं जाणार होते मी?

आज मी हे सांगतेय ते सांगलीतल्या विश्रामबागच्या एका भाड्याच्या खोलीतून, बाहेर माझ्या स्वतःच्या नावाची मसाल्याची पाटी आहे. पण तेव्हा मला ह्यातलं काहीही दिसत नव्हतं. दिसत होता तो लाल डबा आणि त्या पोराचा उतरलेला चेहरा.

"बरं," मी म्हटलं. "करते रिकामी."

आणि डबा छातीशी धरून चालायला लागले. मकरंद मागनं धावत आला.

बाजूच्या फाटकातून आत गेलो. दाराशी मी चपला काढल्या.

"आत्या, इथं चपला काढत नाहीत. घालून यायचं," मकरंद कुजबुजला.

"मागायला आलेय मी. चपला घालून मागू?"

अनवाणी आत गेले. फरशी अशी गार की तळपायातून पार डोक्यापर्यंत गारवा गेला. उंचच उंच खांब, वर जाऊन एकमेकांना मिळालेले, आणि रंगीत काचांतून आलेला उजेड बाकांवर सांडलेला. पुढच्या बाकांवर म्हाताऱ्या बायका एका सुरात काहीतरी म्हणत होत्या, एका बाजूनं ओळ सुटायची, दुसऱ्या बाजूनं झेलली जायची. आमच्या आळीतलं भजन अगदी असंच चालतं. मला उगाच धीर आला. ह्या बायकांना मी ओळखते, असं वाटलं.

शेवटच्या बाकावर थाओ, तिची आई आणि आजी बसल्या होत्या. आजी म्हणजे मूठभर बाई. तपकिरी रेशमी अंगरखा, डोक्याला मखमलीची काळी पट्टी गुंडाळलेली, आणि दात काळेभोर. जुन्या काळी तिकडे बायका दात मुद्दाम काळे रंगवून घ्यायच्या म्हणे. तिनं माझ्या अनवाणी पायांकडे बघितलं, डब्याकडे बघितलं, माझ्या मागं कुणी पुरुष येतोय का ते बघितलं. मग उठली आणि माझं मनगट धरून मला बाजूच्या वेदीपाशी मेरीमातेपुढं घेऊन गेली.

"नाव सांग म्हणते," मकरंदनं सांगितलं. "आणि कशाला आलीस ते."

"कुठल्या भाषेत?"

"तुझ्याच. मेरीमातेला सगळ्या कळतात म्हणे."

मी डबा धरूनच हात जोडल्यासारखं केलं. "मी शालन, सांगलीची. भाच्यासाठी मुलगी मागायला आलेय. आमचं मोठं माणूस बाहेर रुसून बसलंय, म्हणून मी आले. सांभाळून घे बाई."

थाओ शेजारी उभी होती, तिला फस्सकन हसू आलं. म्हणजे पोरीला कळत होतं की बऱ्यापैकी! मी तिथंच तिच्याकडे वळले. गोरी, बारीक, हसली की डोळे मिटणारी पोर. आकाशी रंगाचा त्यांचा तो लांब झगा घातलेला.

"तुला विचारते. इथं, तुझ्या देवीपुढं. तुला हा पाहिजे का? का नुसता ह्यानं गळ घातली म्हणून?"

मकरंद सांगायला लागला. "तू गप्प बस," मी म्हटलं. "तिला कळलंय."

थाओनं एकदा आजीकडे बघितलं. मग मराठीत, एकेक अक्षर सुटं करत म्हणाली, "मला पाहिजे, आत्या."

झालं. माझ्यापुरतं लग्न तिथंच लागलं. पण माझ्यापुरतं लागून काय उपयोग, आजी अजून राहिली होती.

देवळात पान-सुपारी चालत नाही, म्हणून बाहेर बाजूच्या अंगणात आलो. झाडाखाली दगडी बाक होता. आजी बाकावर बसली, तिच्या शेजारी थाओची आई, बारीक चेहऱ्याची, सारखी रुमाल चुरगाळणारी. मी समोर उभी राहिले आणि डबा आजीच्या पुढ्यात ठेवला. आजीनं हात लावला नाही. प्रश्न विचारायला लागली, आणि मकरंद इकडचं तिकडं करायला लागला.

"तू ह्याची कोण?"

"आत्या. बापाची बहीण."

"बाप कुठाय?"

मकरंद अडखळला. "आत्या, सांगू का की अण्णांची तब्येत..."

"काही बरळू नकोस. खरं सांग. बाप बाहेर चौकात बसलाय. त्याला हे पसंत नाही."

पोरानं घाम पुसला आणि सांगितलं. थाओच्या आईचा रुमाल थांबला. आजीचा चेहरा हलला नाही.

"मग तू का आलीस?"

"मला पसंत आहे म्हणून."

"तुझा नवरा?"

आता मात्र मकरंदनं माझा दंड धरला. खाली मान घालून भराभर म्हणाला, "आत्या, थाओनं सांगितलंय मला, ह्यांच्यातसुद्धा असल्या कामाला जोडीदार जिवंत असलेलं माणूस लागतं. नाहीतर अपशकुन मानतात. काका घरी आहेत म्हणून सांगू? एवढंच. कोण बघायला येतंय?"

आत्ता बोला! समुद्र ओलांडून इथवर आले आणि इथंही तेच! मला कपाळावर हात मारून घ्यावासा वाटला. एक शब्द खोटा बोलायचा होता. मकरंदचं काम झालं असतं. पण तो शब्द माझ्या तोंडून निघेना.

"सांग तिला, नवरा वारलाय. पस्तीस वर्षांच्या वर झाली. तिला चालत नसेल तर तसं तोंडावर सांगू दे. मी माझ्या नवऱ्याला खोटा जिवंत करणार नाही."

मकरंदनं सांगितलं. थाओची आई आजीच्या कानाशी लागली, काहीतरी भराभर सांगू लागली. आजीनं हात वर करून तिला गप्प केलं. मग माझ्याकडे बघत स्वतःच्या छातीवर बोट टेकवलं आणि दोनच शब्द बोलली.

"म्हणते, माझाही," मकरंद म्हणाला.

आणि आजीनं डब्यातला सुपारीचा घड उचलून मांडीवर घेतला.

आनंदानं मला काही सुचेना. घेतली! मागणी घेतली! आता आमच्याकडे अशा वेळी काय करतात? सुपारी फोडतात. बोलणी ठरली, की मोठं माणूस सगळ्यांसमक्ष सुपारी फोडतं, आणि मगच ती सोयरीक पक्की. मी चंचीतून अडकित्ता काढला, आजीच्या मांडीवरच्या घडातली एक टपोरी सुपारी तोडली, आणि कचकन दोन तुकडे केले.

थाओच्या आईच्या हातातला रुमाल खाली पडला. तिनं कपाळापासून छातीपर्यंत क्रूस काढला. थाओ तोंडावर हात ठेवून "आत्या, नको, नको," म्हणायला लागली, पण नको म्हणून काय उपयोग, तुकडे तर झाले होते.

"काय केलंस आत्या!" मकरंद अगदी रडकुंडीला आला. "ह्यांच्यात ही सुपारी हातानंच सोडवायची असते, पानंसुद्धा हातानंच फाडायची. सुरी, कात्री काही लावायची नाही. लोखंड लावलं म्हणजे नातं कापलं. मोडलं. तू दोघांना तोडलंस असं झालं हे!"

एवढं करून, घर घालवून, भावाला दुखवून इथवर आणलं, आणि शेवटी माझ्याच हातानं माती केली? बाकाला धरून उभी राहिले.

"झालं समाधान?"

मागं बघितलं तर फाटकात अण्णा. कधी येऊन उभे राहिले होते कोण जाणे. टोपी हातात होती.

"नको तिथं नाक खुपसलं की असं होतं," अण्णा म्हणाले. "बघ त्या बाईचं तोंड. चला आता, दोघंही. शोभा पुष्कळ झाली."

थाओची आई डब्याचं झाकण शोधत होती. थाओ रडत होती. आणि आजी माझ्या तळहातावरच्या त्या दोन तुकड्यांकडे बघत होती. तिनं मान वर केली आणि एकच प्रश्न विचारला.

"का कापलीस? म्हणते," मकरंदनं सांगितलं.

अण्णांना बघितलं नसतं तर मी माफी मागितली असती, हात जोडले असते, चुकले म्हटलं असतं. पण तो माणूस तिथं टोपी हातात घेऊन उभा होता, 'चला' म्हणत होता, आणि माझ्या आत काहीतरी असं उसळलं की बस्स.

"मकरंद, आता मी बोलते ते सगळं सांगायचं. एक शब्द गाळलास तर बघ. आजीबाई, कापली नाही, फोडली. आमच्याकडं सुपारी फुटली की बोलणं पक्कं. का, ते सांगते. आख्खी सुपारी परत नेता येते. आली तशी डब्यात घालून माघारी पाठवता येते. फुटलेली कुणाला परत देता येत नाही. मला हे माहीत आहे, कारण माझी आख्खी परत गेली."

मकरंद सांगता सांगता थांबला. "आत्या?"

"सांग तिला. चोवीस वर्षांची होते मी. निवृत्तीराव नावाचा माणूस आला होता मागणी घालायला. दूध डेअरीत नोकरीला होता, बायको बाळंतपणात गेलेली. चांगला होता. मला बाजारात दोनदा भेटला होता, हसून बोलला होता. पान-सुपारी घेऊन आला, आणि मी माजघरात दाराआड उभी होते. माझ्या ह्या भावानं सुपारीला अडकित्तासुद्धा लावला नाही. होती तशी त्याच्या हातात परत दिली. 'आमच्यात चालत नाही,' म्हणाला."

माझा आवाज चिरकला. चिरकू दे, म्हटलं.

"घराण्याला चालत नव्हतं, भावकीला चालत नव्हतं. मला चालणार होतं का, हे विचारायला कुणी दाराआड आलं नाही. मला चालणार होतं! तो माणूस उठून गेला आणि मी रात्रीच्या भाकऱ्या थापल्या. ते मी विसरले असं ह्यांना वाटतं. एक दिवस विसरले नाही. म्हणून ही फोडली. आता आमच्याकडचं कुणी आलं, कितीही मोठं आलं, तरी ही परत मागू शकत नाही."

मकरंदचे डोळे वाहत होते. त्याला ह्यातलं काही ठाऊक नव्हतं. माझ्या सगळ्या आयुष्यात मी हे मोठ्यानं बोललेच नव्हते, ते पहिल्यांदा बोलले ते कुठं, तर सातासमुद्रापार एका देवळाच्या अंगणात, आणि ते पोर मुसमुसत एकेक वाक्य परक्या भाषेत सांगत होतं. अण्णांकडं मी बघितलंही नाही.

आजीनं सगळं ऐकून घेतलं. मग माझ्या तळहातावरचा एक तुकडा उचलला. पानाला चुना लावला, तो तुकडा आत घातला, विडा केला आणि तोंडात टाकला. चावायला लागली. तिच्या सुनेनं काहीतरी म्हणायचा प्रयत्न केला, पण आजीनं तिच्याकडे लक्ष दिलं नाही. ती सावकाश चावत राहिली, ओठ लाल झाले. दुसरा तुकडा तिनं तसाच पानात घालून माझ्या तोंडापुढं धरला. मी तोंड उघडलं. ओली सुपारी, कडसर आणि रसाळ. डोकं एकदम गरगरलं, कानातून वाफा निघाल्या.

मग उरलेला घड आजीनं दोन्ही हातांनी धरला आणि लोखंड न लावता, आपल्या रीतीनं, ओढून त्याच्या दोन फांद्या केल्या. एवढ्याशा हातांत कुठनं आलं बळ कोण जाणे. एक फांदी स्वतःच्या मांडीवर ठेवली, दुसरी डब्यात घालून डबा मला परत दिला. तिकडं मान्य असलं की मुलाकडच्यांना त्यांच्याच भेटीतलं थोडं परत देतात. ती तोंडातला विडा गालात सारून काहीतरी बोलली. थाओनं आईच्या गळ्यात हात टाकले आणि दोघी हसत-रडत राहिल्या.

"काय म्हणाली रे?" मी मकरंदला हलवलं.

"म्हणाली, तुमची रीत झाली, आमची झाली. आता कुणाला मोडता येणार नाही."

वर घंटा वाजायला लागल्या. अंगणातली माणसं प्रार्थनेला आत जायला निघाली. आजी थाओच्या खांद्याचा आधार घेऊन उठली, आणि फाटकापाशी अण्णांसमोरून जाताना थांबली, त्यांना वाकून नमस्कार केला. अण्णांनी गोंधळून हात जोडले. मग ती आत गेली, आणि मकरंद तिच्या मागं.

अंगणात आम्ही दोघं उरलो. मी चपला शोधत होते. अण्णा एकदम म्हातारे दिसत होते. मला त्यांची दया आली, हेही सांगून टाकते. पण दया आली म्हणून मी मान खाली घातली नाही.

"शालन," अण्णा म्हणाले. आवाज खाली होता, पण आता त्यात जोर नव्हता. "एवढा मोठा निर्णय. कुणाला विचारून केलास?"

"ज्यांचं लग्न आहे त्यांना," मी म्हटलं.